वाचकांचे प्रश्न : प्रयोगशाळा आणि सरकारी नियमावली

विज्ञान, सरकारी धोरण आणि संशोधनाची संस्कृती यांच्या परस्परसंबंधांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रे लांब असल्याने प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे. पत्रलेखकांपैकी काही जण सेवेत आहेत; त्यामुळे कोणाचेच नाव दिलेले नाही.

प्रश्न : स्वातंत्र्यानंतर विज्ञानविषयक धोरणे वरचेवर जाहीर झाली. त्यांनी प्रयोगशाळेत खरोखर काही बदलते का, की ती केवळ कपाटात राहतात? (निवृत्त मुख्याध्यापक, अमरावती)

सरकारच्या कागदांनी बरेच काही बदलते. मात्र आपण ज्या कागदांविषयी विचारता आहात त्यांनी क्वचितच बदलते. ४ मार्च १९५८ चा वैज्ञानिक धोरण ठराव, १९८३ चे तंत्रज्ञान धोरण निवेदन, २००३ आणि २०१३ ची धोरणे हे सारे वाचनीय आहे आणि १९५८ च्या ठरावाची भाषा तर आजही उमदी वाटते. पण संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्क्यांवर नेऊ, असे २००३ च्या धोरणाने म्हटले, २०१३ च्या धोरणाने तेच पुन्हा म्हटले आणि २०२०-२१ मध्ये प्रत्यक्ष आकडा ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरियात तो ४ टक्क्यांच्या वर आहे. याचे कारण केवळ सरकारी अनास्था नाही. आपल्याकडच्या या खर्चात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के आहे आणि उद्योगांनी किती खर्च करावा हे विज्ञान-धोरणात लिहून ठरत नाही.

संशोधकाच्या रोजच्या कामावर ज्यांची सत्ता चालते ते कागद निराळेच असतात. नेमणुकीचे आणि बढतीचे नियम, खरेदीची नियमावली, सीमाशुल्काचे दरपत्रक, पेटंट कायद्यातले एखादे कलम. हे कागद तयार करणाऱ्यांच्या मनात त्या वेळी विज्ञान असतेच असे नाही. माझ्या मते आपल्याकडचे खरे विज्ञान-धोरण या कागदांत वाचावे लागते आणि पुढच्या पत्रांतही तेच दिसेल.

प्रश्न : माझ्या पिढीतील अनेकांनी पीएचडीसाठी आणि बढतीसाठी पैसे भरून शोधनिबंध छापून घेतले. आता आमच्याकडे बोट दाखवले जाते. दोष शिक्षकांचा की नियमांचा? (सहायक प्राध्यापिका, लातूर जिल्हा)

आधी नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असणे सक्तीचे केले. २०१० च्या विनियमांनी शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली, जिला सगळे 'एपीआय' म्हणून ओळखतात. तिच्यात तज्ज्ञपरीक्षित नियतकालिकातील निबंधाला १५ गुण होते, आणि तज्ज्ञपरीक्षित नसलेल्या, परंतु मान्यताप्राप्त आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन क्रमांक असलेल्या प्रकाशनातील निबंधाला १० गुण होते. येथे जरा थांबायला हवे. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा निव्वळ अनुक्रमांक आहे. तो गुणवत्तेचा शिक्का नाही आणि अर्ज केल्यास तो कोणत्याही नियतकालिकाला मिळू शकतो. निबंध मान्यताप्राप्त नियतकालिकात आहे की नाही हे ठरवायला महाविद्यालयाच्या समितीला तो वाचावा लागला असता, मासिक माहीत असावे लागले असते. क्रमांक मात्र मुखपृष्ठावरच दिसतो. समित्यांनी क्रमांक पाहिला.

मागणी निर्माण झाली, तेव्हा पुरवठाही झाला. त्या काळातल्या जाहिराती आपण पाहिल्याच असतील : विज्ञान, वाणिज्य, भाषा, क्रीडा आणि गृहविज्ञान या सर्व विषयांना वाहिलेले एकच 'आंतरराष्ट्रीय' मासिक, दोन दिवसांत स्वीकृती, हजार-दोन हजार रुपये शुल्क आणि सोबत प्रमाणपत्र. निबंध कोणी वाचणार नाही हे लिहिणाऱ्याला, छापणाऱ्याला आणि गुण देणाऱ्याला सारखेच ठाऊक असे.

आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. पुण्याच्या विद्यापीठातील अभ्यासकांचा सहभाग असलेल्या एका गटाने त्या यादीतला विद्यापीठांच्या शिफारशींवरून आलेला भाग तपासला आणि निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. बारकाईने तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी केवळ ११२ निकषांना उतरली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे यादीतून वगळली, पुढच्या वर्षी नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली आणि तिच्यासाठीचा विश्लेषण कक्ष पुण्याच्याच विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही यादी थांबवली आणि नियतकालिक निवडण्याची जबाबदारी सूचक निकषांसह पुन्हा शिक्षणसंस्थांवर सोपवली.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला या तपशिलातच दिसते. ती निकृष्ट नावे आयोगाने कुठून शोधून आणलेली नव्हती. ती विद्यापीठांनीच सुचवली होती. म्हणजे नियमाने वाईट सवय लावली आणि पाच-सात वर्षांनी यादीत काय असावे हे त्या सवयीनेच ठरवले. एखाद्या शिक्षिकेने नोकरी टिकवण्यासाठी पैसे भरले, तर मी तिला दोष देणार नाही. परंतु ज्या अभ्यासमंडळांनी आणि निवड समित्यांनी शिफारशी केल्या त्यांनी 'आमचा नाइलाज होता' असे म्हणू नये.

२०२२ च्या विनियमांनी पीएचडीपूर्व निबंधाची सक्ती काढली. तरीही, आपण पत्रात लिहिता तसे, आपल्या गाईडने निबंध मागितला, यात आश्चर्य नाही. ज्यांची स्वतःची कारकीर्द मोजणीत गेली तेच आज मार्गदर्शक, परीक्षक आणि निवड समितीचे सदस्य आहेत. नियम एका अधिसूचनेने जातो; माणसे निवृत्त व्हायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. या काळात सर्वाधिक तोटा कोणाचा झाला असेल, तर ज्यांचे काम मुळातच संथ आहे त्यांचा. सह्याद्रीतल्या एखाद्या वनस्पतिकुलाची नीट छाननी करायला अनेक पावसाळे लागतात आणि हाती एकच निबंध येतो. गुणपत्रकावर तो एकच दिसतो.

प्रश्न : आमच्या कारखान्यात औषधांची रसायने उत्तम आणि स्वस्त बनतात. पण नवा रेणू शोधण्याची गोष्ट निघाली की सगळे गप्प. आपले रसायनशास्त्रज्ञ कमी पडतात का? (रसायन अभियंता, रोहा)

कमी पडत नाहीत. ते ज्या परीक्षेला बसले ती परीक्षाच वेगळी होती, आणि ती संसदेने ठरवली होती.

१९११ च्या ब्रिटिशकालीन कायद्यात औषधाच्या पदार्थावरही पेटंट मिळत असे. त्यामुळे परदेशी कंपनीचे औषध कोणत्याही पद्धतीने बनवले तरी तो भंग ठरे. न्यायमूर्ती अय्यंगार यांच्या समितीने १९५९ मध्ये या कायद्यावर अहवाल दिला आणि त्याच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला. त्याच्या पाचव्या कलमाने अन्न, औषधे आणि रासायनिक क्रियेने तयार होणारे पदार्थ यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट नाही, केवळ प्रक्रियेवर पेटंट, असे ठरवले. औषधाच्या प्रक्रियेच्या पेटंटाची मुदतही कमी होती : पेटंट बहाल झाल्यापासून पाच वर्षे किंवा पेटंटाच्या दिनांकापासून सात वर्षे, यांपैकी जी आधी संपेल ती. कायदा १९७२ मध्ये अमलात आला.

याचा प्रयोगशाळेतला अर्थ असा, की रेणू माहीत आहे, त्याचा गुण माहीत आहे, बाजारही माहीत आहे. आता त्याच रेणूपर्यंत दुसऱ्या वाटेने पोचायचे. पायऱ्या कमी करायच्या, महागडा अभिकर्मक टाळायचा, आयात करावे लागणारे द्रावक बदलून येथे मिळणारे वापरायचे, प्रत्येक टप्प्यावरचा उतारा वाढवायचा आणि मग काचेच्या चंबूत जमलेले पाचशे लिटरच्या रिॲक्टरमध्ये जमवायचे. या कामासाठी लागणारी माणसे महाराष्ट्रात आधीच तयार होत होती. माटुंग्याचा 'यूडीसीटी' म्हणजे रासायनिक तंत्रज्ञानाचा विद्यापीठ विभाग १९३० च्या दशकात सुरू झाला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये. त्या प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे माटुंग्याहूनच आले होते आणि त्यांच्यामागून आलेले बाळ दत्तात्रय टिळकही तिथलेच. उद्योगाच्या दारात उभे राहण्यात कमीपणा न मानणारी ही परंपरा होती. कायद्याने तिला राजमार्ग मिळवून दिला, आणि कायदा यशस्वी झाला तोही ही परंपरा आधीपासून होती म्हणून. केवळ कलम पाच लिहून औषधे बनत नसतात. प्रक्रियारसायनाची ही जाण ज्या देशांत नव्हती तेथे असे कलम कागदावरच राहते.

ए. व्ही. रामाराव यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. वेंकटरामन यांचे ते विद्यार्थी. पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी बरीच वर्षे काम केले आणि पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेत संचालक असताना एड्सवरील एझेडटी या औषधाची प्रक्रिया विकसित करून सिप्ला कंपनीला दिली. २००१ मध्ये याच कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा जगात त्याला दहा हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत होते.

परंतु ज्या कौशल्याला तीस वर्षे बक्षीस मिळाले, त्याच्या शेजारची कौशल्ये उपाशी राहिली. नव्या रेणूसाठी रसायनशास्त्रज्ञाच्या शेजारी जीवशास्त्रज्ञ, औषधशास्त्रज्ञ आणि रुग्णालयातला संशोधक बसावा लागतो. दहा-बारा वर्षे पैसे गुंतवून बहुतेक वेळा अपयश पदरात घ्यावे लागते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून पदार्थावरचे पेटंट पुन्हा आले. कायदा त्या रात्री बदलला, पण रोह्यातल्या, तारापूरच्या किंवा हैदराबादच्या कारखान्यातली माणसे सकाळी जे येत होते तेच करत राहिली. आपल्या कारखान्यातली शांतता ही त्या तीस वर्षांची आहे.

एक पुरवणी. नव्वदच्या दशकात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने पेटंट घेण्यावर भर दिला. सुरुवातीला ते आवश्यकच होते, कारण आपल्या संशोधकांना त्याची सवयच नव्हती. पुढे मात्र पेटंटांची संख्याच मोजली जाऊ लागली आणि काही वर्षांनी परिषदेच्या एका महासंचालकांवर अशा अर्जांना 'बायोडेटा पेटंट', म्हणजे केवळ बायोडेटात मिरवण्यासाठी घेतलेली पेटंटे, म्हणण्याची पाळी आली. लातूरच्या पत्राची आठवण व्हावी, इतके हे सारखे आहे.

प्रश्न : चांगली उपकरणे राष्ट्रीय संस्थांत आणि विद्यार्थी मात्र विद्यापीठांत, अशी विभागणी का झाली? (एमएस्सीचा विद्यार्थी, नांदेड)

२०२०-२१ च्या आकड्यांनुसार देशाच्या संशोधन-खर्चात उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा ८.८ टक्के होता. ही विभागणी जुनी आहे. १९४२ ची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, १९४५ ची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि नंतरची अणुऊर्जा आस्थापना यांची उभारणी विद्यापीठांच्या बाहेर झाली. नव्या संस्थेत माणसे लवकर नेमता येतात, परीक्षांचा बोजा नसतो, सिनेटच्या निवडणुका नसतात. घाईत असलेल्या राष्ट्राला हे सोयीचे होते. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचा या दिशेला विरोध होता. विशेष म्हणजे होमी भाभांनीही जानेवारी १९६६ मध्ये, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी मुंबईत दिलेल्या व्याख्यानात, राष्ट्रीय प्रयोगशाळा ज्या रीतीने उभारल्या गेल्या तिची किंमत विद्यापीठांनी आपली चांगली माणसे गमावून मोजली, असे स्पष्ट म्हटले होते.

विद्यापीठाकडे मग प्रवेश, परीक्षा आणि निकाल उरले. चांगले संशोधन तेथे होत नाही म्हणून पैसा द्यायचा नाही आणि पैसा नाही म्हणून संशोधन होत नाही, असे हे चक्र आहे. ते तोडण्याचा मला सर्वांत समंजस वाटलेला प्रयत्न पुण्यात झाला. १९८८ मध्ये अनुदान आयोगाने विद्यापीठाच्याच आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन केली, जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले आणि देशभरच्या महाविद्यालयांतील शिक्षकांना सहयोगी म्हणून वर्षातून काही काळ येऊन काम करण्याची सोय तिथे रचनेतच ठेवली गेली. नांदेडसारख्या ठिकाणचा शिक्षक नोकरी न सोडता खगोलशास्त्रात राहू शकतो तो यामुळे. रसायनशास्त्रात किंवा जीवशास्त्रात या तोडीची व्यवस्था नाही. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या उद्दिष्टांत विद्यापीठांतील संशोधन वाढवणे आहे; त्याच्या पाच वर्षांच्या ५० हजार कोटींपैकी सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून येतील, असे गृहीत धरले आहे. पहिल्या उत्तरातील खासगी वाट्याचा आकडा येथे पुन्हा पाहावा.

प्रश्न : मंजूर अनुदान असूनही एक रसायन मागवायला महिने लागतात. याला धोरण म्हणायचे का? (संशोधक, नागपूर)

म्हणायचेच. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरील सीमाशुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर गेले. हेतू विज्ञान अडवण्याचा नव्हता. या शीर्षकाखाली आयात होणारे इथेनॉल रोखायचे होते. संशोधकांनी ओरड केल्यावर दोन आठवड्यांच्या आत प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांसाठी जुना दर परत आला. खरेदीचेही तसेच. सार्वजनिक खरेदीतला भ्रष्टाचार रोखण्यासाठी आणि देशी मालाला प्राधान्य देण्यासाठी केलेले नियम कार्यालयीन खुर्च्यांना आणि प्रतिपिंडांना एकाच मापाने लागू झाले. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांना 'जेम' या सरकारी ऑनलाइन खरेदी-पोर्टलबाहेर खरेदीची मुभा मिळाली, कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार संचालकांना व कुलगुरूंना मिळाला.

आपण लिहिलेला परिणाम याहून खोल आहे : जे रसायन गुदामात आहे त्यातून जमेल तोच प्रयोग विद्यार्थ्याला द्यायचा. असे वर्षानुवर्षे झाले की विषयाची निवडच त्या गुदामातून होऊ लागते. लेखापरीक्षणाच्या भीतीने सर्वांत कमी दराचीच वस्तू घेणारा प्रमुख मर्यादा वाढल्यावरही तीन कोटेशने मागतच राहील, अशी माझी शंका आहे.

प्रश्न : पश्चिम घाटाचा अहवाल शास्त्रज्ञांनी दिला, सरकारने तो बाजूला ठेवला. मग विज्ञान धोरण घडवते, असे कशाला म्हणायचे? (वाचक, सिंधुदुर्ग)

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. मंत्रालयाने तो प्रसिद्ध केला नाही. माहितीच्या अधिकारात केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल झाल्यावर तो २०१२ मध्ये लोकांसमोर आला. त्यातील घाटाची पर्यावरणीय संवेदनशीलतेनुसार केलेली विभागणी प्राथमिक असून अंतिम निर्णय ग्रामसभांशी चर्चा करून व्हावा, असे गटाचे म्हणणे होते. पुढे अवकाशशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने उपग्रहचित्रांच्या आधारे घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला आणि गावांच्या याद्या केल्या. सरकारने दुसरी पद्धत उचलली. याद्यांची अधिसूचना काढता येते, ग्रामसभांच्या चर्चेची काढता येत नाही. मला यात विज्ञानाचा विजय किंवा पराभव यापेक्षा प्रशासनाला कोणते विज्ञान पचते हे अधिक दिसते. तरीही अंतिम निर्णय झालाच नाही. २०१४ पासून मसुदे निघत राहिले. ३१ जुलै २०२४ च्या सहाव्या मसुद्यात ५६,८२५ चौरस किलोमीटरहून अधिक संवेदनशील क्षेत्र होते, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१.

पण गाडगीळांचेच दुसरे काम पाहा. गावातल्या जाणकारांकडून, गुराख्यांकडून, वैदूंकडून झाडे, मासे, बियाणे आणि त्यांचे बदल नोंदवून घेण्याची पद्धत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विकसित केली. ती २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील २००४ च्या नियमांत उतरली आणि लोक जैवविविधता नोंदवही हे प्रत्येक स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचे मुख्य काम ठरले. शास्त्रज्ञाची क्षेत्रपद्धती कायदा होण्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे अनेक वर्षे नोंदवह्या झाल्या नाहीत, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि न पाळणाऱ्या राज्यांना महिना १० लाख रुपये भरावे लागतील, असे बजावले. देशभर लाखो नोंदवह्या भराभर तयार झाल्या. त्या कोणी, किती दिवसांत आणि कोणाशी बोलून भरल्या, याची विचारणा मुदतीच्या आदेशात बसत नव्हती.

आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवहीही तयार झालेली असेल. ती मागून घ्यावी आणि मासे, भाताचे वाण व औषधी वनस्पती यांची पाने गावातल्या जुन्या माणसांसमोर वाचावीत. शेजारच्या गावच्या वहीतली यादी अक्षरशः तीच निघाली, तर दोन्ही प्रती राज्य जैवविविधता मंडळाकडे नागपूरला पाठवाव्यात. दुरुस्त आणि अद्ययावत नोंदवही सादर करण्याचा अधिकार आपल्या गावच्या व्यवस्थापन समितीला आहे.